बुजवलेलं बीळ

सांगा, सांगा म्हणून जीव खाल्लात, आता मधे बोलू नका.

फार मागं, एका काचेच्या पेटीत हातभर माती होती आणि तिच्यात बीळ करून एक केसाळ टॅरंटुला कोळी राहायचा. त्याचा कशावरच विश्वास नव्हता. म्हातारा मालक लांब चिमट्यानं झुरळ द्यायचा, तरी कोळी पुढचे पाय उगारून चिमट्यालाच चावायचा.

"अरे, खायला घालतोय ना तुला?" चिमटा म्हणायचा.

"बोकडालाही घालतातच की," कोळी म्हणायचा.

एकदा कोळ्यानं बिळाचं तोंड माती नि जाळ्यानं बुजवलं आणि आत कात टाकली. नवं अंग लोण्यासारखं मऊ, दातसुद्धा मऊ. आता कुणी नुसतं डिवचलं तरी मरण होतं. तेवढ्यात वरून आवाज आले.

"महिना झाला, मेलाय तो. उकर!" शेजारी म्हणाला.

"दार त्यानं लावलंय, तोच उघडेल," म्हातारा म्हणाला.

"मेलेला कसला उघडतोय? येडा आहेस तू!"

वर माती करकरली. आला मेला चिमटा, असं म्हणून कोळी भिंतीला चिकटला. पण चिमट्यानं फक्त पाण्याची वाटी उचलली आणि भरून परत ठेवली.

पंधरा दिवसांनी कोळ्यानं दार फोडलं. समोर झुरळ धरून चिमटा उभा. कोळी त्याला चावलाच.

"सुधारला नाहीस," चिमटा म्हणाला.

"उकरलं नाहीस, म्हणून आज हळू चावलो."

आणि म्हाताऱ्याला येडा म्हणणाऱ्या त्या शेजाऱ्यानं, भिकाजी तोरस्करानं, अजून माझी माफी मागितलेली नाही.