पाठ फिरवणारी हौसाक्का

फार वर्षांपूर्वी मांजरा नदीच्या काठी वाकळी नावाचं गाव होतं आणि त्या गावात हौसाक्का नावाची सुईण होती. तिच्या तोंडाला भिऊन बाळं दोन दिवस आधीच जन्माला यायची, असं म्हणतात.

त्याच गावात निवृत्ती कुंभार, त्याची बायको सुंदरा आणि त्यांची तीन वर्षांची सगुणी राहत. पोरीचं आतडं जन्मापासून आळशी. आठ-आठ दिवस परसाकडेला व्हायचं नाही, पोट फुगायचं, जेवण सुटायचं. एकदा दहावा दिवस उजाडला आणि सगुणी मान टाकायला लागली.

झालं, गाव गोळा झालं. वाकळीची रीतच तशी. कुणाच्या घरी अडचण आली की सगळ्यांनी अंगणात ठाण मांडायचं आणि घटकेघटकेला विचारायचं, "झाली का?" पोरीला बसवलं की पन्नास डोळे तिच्यावर. अशानं राजाला तरी होईल का? पोरगी आणखीच आवळून धरायची.

हौसाक्का आली. तिनं आधी अंगण मोकळं केलं, पाटलांनाही सोडलं नाही. मग सगुणीला उताणं निजवलं, तिळाचं तेल कोमट केलं आणि निवृत्तीला हाक मारली.

"बेंबीला देव समज आन् हातानं परदक्षिणा घाल. हळू. उलटी घालू नगंस."

"आक्का, हे बायांचं काम हाय."

"दिसभर रांजणाच्या पोटावर हात फिरवतोस, तवा न्हाई आठवत बाया?"

निवृत्ती खाली बसला आणि हात फिरवू लागला. सुंदरेनं घोट घोट कोमट पाणी पाजलं. अक्कानं पोरीच्या पायाखाली विटा देऊन तिला उकिडवं बसवलं आणि सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं जो आवाज झाला, तो ऐकून पलीकडच्या गावानं तोफ समजून वेस लावून घेतली, असं म्हणतात. पाटलांनी गूळ वाटला.

पोरगी बरी झाली असं समजून आईबापांनी तेलाची वाटी फळीवर ठेवून दिली. पंधरा दिवसांत पोट पुन्हा टम्म. अक्का आली, पण आत आली नाही. उंबऱ्याबाहेर पाठ फिरवून उभी राहिली.

"दुखणं गेल्यालं न्हाई. ते ऱ्हाणार. रोज केर काढता ना? तसंच हे, रोज करायचं. आन् पोट दगडावानी झालं, हिरवी उलटी झाली, तर तेल बाजूला ठिवा आन् गाडी जुंपा, थोरल्या वैद्याकडं."

सुंदरा रडायला लागली. "तुमच्या हाताला गुण हाय, आक्का. आमच्या हातनं पोर दगावली तर?"

"माजे हात माज्यासंगं जातील. तुमचे हितं ऱ्हातील."

मग रोज अक्का पाठ करून उभी राहायची, कान आत आणि तोंड बाहेर. हात चुकला की तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, असं म्हणतात.

पुढे अक्का लेकीकडे पलीकडच्या तीरावर गेली आणि नदीला असा पूर आला, की चार दिवस मासेसुद्धा काठावर येऊन बसले. नेमकं तेव्हाच सगुणीचं पोट अडलं. सुंदरा धावत काठावर गेली आणि जीव तोडून हाका मारू लागली. पलीकडे अक्का आली. तिनं सुंदरेकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

सुंदरेला आधी राग आला. मग कळलं. ती घरी गेली, दार लावून घेतलं, आणि नवराबायकोनं आळीपाळीनं दीड दिवस हात चालवला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सुंदरा काठावर आली आणि तिनं तेलानं माखलेले दोन्ही हात हसत वर केले. पलीकडे हौसाक्का पदरात तोंड घालून रडली. तिला रडताना गावानं तेवढंच एकदा पाहिलं.

सगुणी मोठी झाली, नांदायला गेली, नातवंडांची आजी झाली. तिचं आतडं शेवटपर्यंत आळशीच राहिलं.

वाकळीत अजूनही बारशाला नाव ठेवण्याआधी बाळाच्या पोटावर पहिलं तेल बाप लावतो. "हौसाक्काच्या नावानं" असं म्हणून जमलेलं सगळं गाव पाठ फिरवतं. नवखा बाप घाबरतो, मदतीला कुणी येतंय का बघतो. त्याला नुसत्या पाठी दिसतात. मग तो वाटीत बोटं बुडवतो.