सुईच्या टोकाचं तापमान

"हा आकडा कुणाचा?" सकीनाबाईंनी विचारलं.

निरंजन कोठावदेला प्रश्नच कळला नाही. छोट्या पडद्यावर पंचावन्न अंश असं स्वच्छ दिसत होतं.

"तापमानाचा," तो म्हणाला.

"ते दिसतंय. कुणाच्या?"

डॉ. सकीना मुजावर आता निवृत्त झाल्या होत्या. पण मिरजेतले कितीतरी सर्जन त्यांच्या हाताखाली तयार झालेले. नवं उपकरण बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय ही मंडळी ते रुग्णाला लावत नसत. निरंजन इंजिनिअर; पण रुग्णाच्या अंगाला लागणारं यंत्र कसं असावं, हे तोही त्यांच्याच ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात उभा राहून शिकला होता.

आज तो स्वतःचं यंत्र घेऊन आला होता. जाड पेनासारखी मूठ, पुढे लांब सुई. सुई गळ्यातल्या गाठीत घालायची आणि गाठ आतल्या आत जाळायची. चिरफाड नाही, टाके नाहीत. सुई करपून मांसाला चिकटू नये म्हणून तिच्या पोटातून गार पाणी फिरत राहायचं. आणि थेट टोकात, तापमान मोजणारा सेन्सर. इतका अचूक सेन्सर देशात कुणी बसवला नसेल, असं तो येताच सांगून बसला होता.

पहिली रुग्णही ठरली होती. शोभा वाघमोडे, एसटीत कंडक्टर. तिच्या गाठीला लागूनच आवाजाची नस होती. उष्णता जरा जास्त झाली तर आवाज जायचा. बाईंनी मान हलवायचा अवकाश, पुढच्या आठवड्यात काम होणार होतं.

बाईंना दाखवायला म्हणून निरंजननं बोकडाची कलेजी आणली होती. सुई तिच्यात खुपसून तो पाण्याच्या प्रवाहाबद्दल भरभरून सांगत होता. आकडा पंचावन्नवरून हलत नव्हता.

तेवढ्यात कलेजीच्या आत फट् असा आवाज झाला. तुकडा ताटात जागच्या जागी उडाला.

पडद्यावर पंचावन्न.

बाईंनी सुरी घेऊन कलेजी चिरली. आत मांस पांढरं पडलं होतं, मधोमध काळं. वाफेनं फाडलेलं एक भोक...

निरंजनचा चेहरा उतरला. तरी त्यानं हट्ट सोडला नाही.

"सेन्सर चुकलेला नाही, बाई. खरं तेच सांगतोय."

"हो," बाई म्हणाल्या. "खरंच सांगतोय."

त्या उठल्या. माठातलं पाणी त्यांनी वाडग्यात ओतलं आणि त्यात तळवा बुडवून नुसत्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं आल्या आणि तो ओला तळवा त्यांनी निरंजनच्या कपाळावर ठेवला.

"ताप आहे का रे तुला?"

"नाही. आणि असला तरी या हाताला काय कळणार? गार पाण्यातून काढलेला हात. तो स्वतःच..."

त्याची नजर सुईकडे गेली.

बाईंनी हात पुसला आणि चिरलेली कलेजी त्याच्यापुढे सरकवली.

निरंजननं त्याच दिवशी शोभाताईंची तारीख रद्द करवली. तो जिथं नोकरीला होता त्या कंपनीचा मालक संतापला. निरंजननं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी सुई उघडून बसला.

सेन्सर पाण्यापासून लांब न्यायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. केसासारखी तार सुईच्या टोकापुढे काढून मांसात टेकवायची, आणि तार व गार धातू यांच्यामध्ये उष्णता अडवणारा थर द्यायचा. पहिल्या तारा कलेजीतच तुटल्या. पुढच्या वाकल्या. तो पुन्हा पुन्हा बनवत राहिला. खाटीक त्याला ओळखू लागला.

शेवटी तार टिकली. आतली धग पडद्यावर दिसू लागली. पण हात जरा हलला की तारेचं टोक मांसापासून सुटायचं आणि पुन्हा भलताच थंड आकडा यायचा. तेव्हा त्यानं यंत्राला शिकवलं, स्पर्श सुटला की आकडा दाखवायचा नाही. नुसती आडवी रेघ.

मालक म्हणाला, रेघ पाहून डॉक्टरांना वाटेल यंत्र बिघडलं. निदान आधीचा आकडा तरी दिसत राहू दे. निरंजननं साफ नकार दिला. मालकानं नोकरीची आठवण करून दिली. तरीही रेघ राहिली.

बाईंनी नवं यंत्र कलेजीत घालून पाहिलं, चिरून पाहिलं, आणि होकारार्थी मान हलवली.

शोभाताईंचा गळा फक्त बधिर केला होता. नस शाबूत आहे हे कळावं म्हणून सर्जननं त्यांना बोलतं ठेवलं. त्यांच्या रोजच्या गाडीचे थांबे म्हणायला सांगितले. निरंजन भिंतीला टेकून उभा होता.

"अंकली... उदगाव... जयसिंगपूर..."

आकडा चढत होता. मध्येच रेघ आली. सर्जननं उष्णता बंद केली, सुई सावरली. आकडा परत आला. थोड्या वेळानं पुन्हा रेघ. पुन्हा थांबणं.

"हातकणंगले," शोभाताई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता.

संध्याकाळी तो बाईंकडे गेला. आनंद व्हायला हवा होता, पण मनात सल होता. जाता जाता सर्जन बोलून गेला होता की काम उत्तम झालं, फक्त हे यंत्र ऐन वेळी गप्प का बसतं? ती तार आणखी घट्ट टेकेल अशी करणारच, निरंजननं बाईंना सांगितलं. उद्यापासूनच. मग त्यानं विचारलं,

"पण तोवर, बाई... डॉक्टरांनी या यंत्रावर विश्वास ठेवायचा तरी कधी?"

बाई चहा गाळत होत्या. त्यांनी दोन्ही कप भरले. मग एक कप त्याच्या हातात देत म्हणाल्या,

"त्यानं रेघ दाखवली की."