नुसता उभा खांब

दूध संघाचे चेअरमन दौलतराव शिंत्रे यांना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. त्यांच्या नव्या बंगल्याचा स्लॅब टाकून झाला, आणि एका सकाळी त्यांची नजर बैठकीच्या मधोमध उभ्या असलेल्या खांबावर गेली.

"केरबा, हा काढून टाक. आमच्या व्याह्यांकडे दारातून थेट स्वयंपाकघर दिसतं."

वर अख्खा मजला, त्यावर पाण्याची टाकी. केरबा मिस्त्रीने आधी वर बघितलं. "काढता येईल साहेब, पण मग जाड तुळई घालावी लागेल. ती छताखाली दोन फूट उतरेल, आणि कडेचे खांब पायापासून वाढवावे लागतील."

"तुळई नको, खर्च नको! हा खांब करतो काय? नुसता उभा तर असतो. उद्या दिसला, तर काम दुसऱ्याला देईन."

केरबाने मान डोलावली आणि साहेबांना चहाला बसवलं. गवंड्यांचं बाक म्हणजे विटांच्या तीन थप्प्यांवर टाकलेली लांब फळी. साहेब मधोमध ऐसपैस बसले. बशी ओठाला लागते न लागते, तोच केरबाने हातोडीने मधल्या थप्पीची वरची वीट सरकवली. फळी करकरली आणि चहा पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडला.

"अरे थांब! पाडतोस काय मला?"

"छे हो साहेब," दुसऱ्या विटेला हात घालत केरबा म्हणाला, "ही थप्पी करते काय? नुसती उभी तर आहे!"

वास्तुशांतीला व्याही आले, तेव्हा दौलतराव त्याच खांबाला पाठ टेकून उभे होते.