राजाची अक्षरं निघाली गावाला

या, सरका जरा. शरयू, पाय आत घे. आणि अद्वैत, पाणी आत्ताच पिऊन घे, मध्येच उठायचं नाही हं.

एक होता राजा. त्याचं नाव माणिकसेन. कुणाला हत्तींचा नाद असतो, कुणाला शिकारीचा. याला पुस्तकांचा. जत्रेला गेला की पुस्तक घे, परमुलखातला व्यापारी आला की पुस्तक घे. असं करता करता महालाच्या सात खोल्या भरल्या. पण वाचलं किती? एकही नाही, बरं का! ‘आधी कुठलं वाचू?’ यातच त्याचा दिवस मावळायचा.

एकदा काय झालं, राजानं सकाळी खोलीचं दार उघडलं, तर उंबरठ्यावरून काळ्या मुंग्यांची ही लांब रांग बाहेर निघालेली. त्यानं वाकून पाहिलं. मुंग्या कसल्या, ती अक्षरं होती! पुस्तकांतून उतरून चालू लागली होती.

“अरे, कुठे निघालात?”

“जिथे कुणी वाचेल तिथे,” अक्षरं म्हणाली. “इथे पडून पडून अंग आखडलं आमचं.”

राजा रांगेला आडवा झाला. फार जीव होता हो त्याचा पुस्तकांवर! अशानं सगळी कोरी होतील. तो म्हणाला, “थांबा, थांबा, वाचतो!”

मग त्यानं सगळ्यांत जाड पुस्तक उघडलं. दोन पानं वाचली. मग वाटलं, सोनेरी पुठ्ठ्याचं जास्त छान असेल. हे ठेवलं, ते घेतलं. त्याचं एक पान वाचलं. मग वाटलं, निळ्याचं काय? निळं हातात, आणि डोळा पुन्हा जाड्यावर. तिन्ही पुस्तकं रुसली. “नुसतं उष्टं करून ठेवतोस!” म्हणाली, आणि त्यांचीही अक्षरं रांगेला लागली.

राजा मटकन खाली बसला आणि रडू लागला. राजेही रडतात, बरं का, फक्त कुणाला दाखवत नाहीत.

तेवढ्यात कोठीघरातून सुगुणा राणी आली, हातात पाखडायला घेतलेलं गव्हाचं सूप. “काय झालं?”

“एक घेतलं की बाकीची राहतात गं. एवढी सगळी मी कधी वाचणार?”

राणीला हसूच आलं. “आपल्या कोठीत वर्षाचा गहू भरलाय. तो बघून कधी रडलात? दोन पोळ्या खाता, ढेकर देता. बाकीचा घरात आहे म्हणून उलट निवांत झोपता.”

मग राणीनं हाताला लागलं ते पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. पातळसं, पुठ्ठा सुटलेलं. म्हणाली, “हे वाचा. आणि मोठ्यानं वाचा, पाखडता पाखडता मलाही ऐकू दे.”

मग राजा वाचू लागला. एका चुकलेल्या कालवडीची गोष्ट होती. कालवड ओढा ओलांडून गेली. मग डोंगर चढली. मग रानात शिरली, तर समोर वाघ!

रांगेतलं पहिलं अक्षर जागच्या जागी थांबलं. मागची त्याच्यावर धडाधड आदळली. “मग? खाल्लं का वाघानं?” आता वाघ तसाच टाकून कोण जाणार? तुम्ही गेला असतात का? सगळी मागे फिरली आणि राजाभोवती बसली. मध्येच राजाचा डोळा सोनेरी पुस्तकाकडे वळला, तशी अक्षरं एका सुरात ओरडली, “पुढे वाचा!”

वाघाचं पोट भरलेलं होतं. त्यानं नुसती मोठ्ठी जांभई दिली, आणि कालवड सुखरूप गोठ्यात आली. पुस्तक संपलं. राजाला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं!

अक्षरं म्हणाली, “असं वाचणार असाल तर आम्ही थांबतो. आमचीही पाळी येईल.” मग ती आपापल्या पुस्तकात जाऊन बसली. घाईत एखादं चुकीच्या पानावर बसलं, म्हणून तर आपण कधी कधी वाचताना अडखळतो.

राजा म्हातारा झाला, तरी सात खोल्या काही संपल्या नाहीत. राजा रोज संध्याकाळी हाताला येईल ते घ्यायचा, शेवटपर्यंत वाचायचा, राणी ऐकायची. दोघं सुखानं नांदली.

काय? अजून एक? माकडाची सांग म्हणतेस, आणि याला हवी चेटकिणीची? बघा, तुमचाही झाला ना माणिकसेन! अरे, आजीची कोठी भरलेली आहे. कुठे पळून जात नाहीत गोष्टी. वाघानं दिली तशी जांभई द्या पाहू. हं, आता मिटा डोळे.