टिंबीची दुलई आणि नाथाची फटफटी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर माफ करा. शब्दही साधेच आहेत, मला तेवढेच येतात. वाचून दाखवणाऱ्यांनी चूक दिसली तर तिथे अडू नये, मुलं थांबत नाहीत. गोष्टीतला नाथा म्हणजे मीच. पण वाचताना नाथाच म्हणा, म्हणजे मला लाज वाटणार नाही.

तर ऐका.

परसात होतं एक छप्पर. छपराखाली होती एक फटफटी. जुनी. फार जुनी. भंगारातून आणलेली. नाथा तिला घरीच नीट करत होता. थोडं आज. थोडं उद्या. नवं काही आणायचं नाही. घरातलंच वापरायचं.

छपराच्या भिंतीत होतं एक बीळ. बिळात होती एक उंदरी. टिंबाएवढी. म्हणून तिचं नाव टिंबी. टिंबीला होतं एक पिल्लू. ते टिंबाहून लहान.

पिल्लाला होती एक दुलई. लाल लाल. मऊ मऊ.

टिंबीनं दुलई उन्हात टाकली. दाणा आणायला गेली. परत आली.

दुलई नाही!

थंडीचे दिवस. पिल्लू लागलं कुडकुडायला. कुडकुड, कुडकुड.

"कुणी नेली? कुणी नेली?"

टिंबीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. नाक हललं. सूं सूं. सूं सूं. वास गेला फटफटीपाशी. फटफटीला मागे एक लांब नळी. तिला म्हणतात सायलेन्सर. नळीच्या तोंडात लाल लाल काहीतरी!

दुलईचा बोळा!

टिंबीनं कोपरा धरला. ओढला. हुं... हुं... हुं... निघेना.

टिंबी म्हणाली,

"फटफटी, फटफटी, दुलई दे!
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

फटफटीनं दिवा तिरका केला. "कोण गं तू? कशावरून दुलई तुझी?"

"तिला माझ्या पिल्लाचा वास आहे."

"असेल. मी फट् म्हटलं की ती निघेल. पण प्लग कुठे ठिणगी देतो? नुसता खोकतो. कशावरून आज देईल? माझा नाही भरवसा! आधी प्लग ठिणगी देईल, मग मी फट् म्हणीन."

"बरं," म्हणाली टिंबी.

तुरुतुरु, तुरुतुरु. थांबली. मागे बघितलं. पुन्हा तुरुतुरु.

इंजिनाच्या डोक्यात बसला होता प्लग. तोंड आत, शेंडी बाहेर.

"प्लगदादा, प्लगदादा, ठिणगी दे!
फटफटी फट् म्हणेना,
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

प्लग आतून म्हणाला, "माझं तोंड काजळीनं काळं झालंय. पॉलिश पेपर म्हणतो, घासतो घासतो. कशावरून घाशील? माझा नाही भरवसा! आधी पेपर मला घाशील, मग मी ठिणगी देईन."

"बरं," म्हणाली टिंबी.

तुरुतुरु, तुरुतुरु. थांबली. मागे बघितलं. पुन्हा तुरुतुरु.

खिळ्याला अडकला होता पॉलिश पेपर. खरखर, खरखर.

"पेपरभाऊ, पेपरभाऊ, प्लग घास!
प्लग ठिणगी देईना,
फटफटी फट् म्हणेना,
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

पेपर म्हणाला, "प्लग बसलाय आत. तोंड लपवून. मी घासू काय, त्याची शेंडी? पाना त्याला फिरवून बाहेर काढतो म्हणे. कशावरून काढील? माझा नाही भरवसा! आधी पाना प्लग फिरवील, मग मी प्लग घाशीन."

"बरं," म्हणाली टिंबी.

तुरुतुरु, तुरुतुरु. थांबली. मागे बघितलं. पुन्हा तुरुतुरु.

पाना पडला होता फळीवर. गंजलेला. तोंड घट्ट मिटून.

"पानेमामा, पानेमामा, प्लग फिरव!
पेपर प्लग घाशीना,
प्लग ठिणगी देईना,
फटफटी फट् म्हणेना,
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

"उं?" म्हणाला पाना. "उं उं. जबडा उघडत नाही. गंज! चिंच चोळली की गंज जातो म्हणे. कशावरून जातो? हा पेपर पण असंच म्हणाला होता. माझी अर्धी चामडी गेली! माझा नाही भरवसा! आधी चिंच गंज काढील, मग मी प्लग फिरवीन."

"बरं," म्हणाली टिंबी.

तुरुतुरु, तुरुतुरु. थांबली. मागे बघितलं. पुन्हा तुरुतुरु. थेट स्वयंपाकघरात!

चिंच होती बरणीत. बरणीला झाकण. झाकणाला फडकं.

"चिंचताई, चिंचताई, गंज काढ!
पाना प्लग फिरवीना,
पेपर प्लग घाशीना,
प्लग ठिणगी देईना,
फटफटी फट् म्हणेना,
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

बरणीतून आवाज आला. "परवा पण असंच बोलावलं होतं. या गं चिंचांनो, जरा गंज बघून जा! माझ्या बहिणी गेल्या. परत आल्या का? नाही आल्या. आणि झाकण कोण काढणार? आक्का? कशावरून काढील? माझा नाही भरवसा! आधी आक्का बरणी उघडील, मग मी गंज काढीन."

"बरं," म्हणाली टिंबी.

आक्का तिथेच होती. चुलीपुढे. आक्का म्हणजे नाथाची थोरली बहीण. एवढ्याशा ताटलीत पीठ मळत होती. पीठ सांडत होतं.

"आक्का, आक्का, बरणी उघड!
चिंच गंज काढीना,
पाना प्लग फिरवीना,
पेपर प्लग घाशीना,
प्लग ठिणगी देईना,
फटफटी फट् म्हणेना,
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

"अगं बया, उंदीर! माझ्या चुलीपाशी!" आक्का ओरडली. "चोरायला आलीस होय गं?"

"नाही, मी चोर नाही."

"चोर असंच म्हणतो! झाकण काढलं की नाथ्या येईल, चिंच नेईल. मग मी आमटीत काय घालू? माझं डोकं? परात पण नेलीय मेल्यानं. आक्का, आत्ता देतो म्हणाला. कशावरून देईल? माझा नाही भरवसा! आधी नाथा परात सोडील, मग मी बरणी उघडीन."

"बरं," म्हणाली टिंबी.

तुरुतुरु, तुरुतुरु. थांबली. मागे बघितलं. आक्का अजून बघत होती. मग काय, तुरुतुरुतुरुतुरु!

छपराखाली नाथा बसला होता. पुढ्यात आक्काची परात. परातीत घासलेट. घासलेटात छर्रे. छर्रे म्हणजे लोखंडाच्या गोल गोल गोळ्या. फटफटीचं हँडल त्यांच्यावर वळतं.

"नाथा, नाथा, परात सोड!
आक्का बरणी उघडीना,
चिंच गंज काढीना,
पाना प्लग फिरवीना,
पेपर प्लग घाशीना,
प्लग ठिणगी देईना,
फटफटी फट् म्हणेना,
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

नाथानं मान वर केली. डोळे बारीक केले. "एक छर्रा कमी आहे. तूच नेलास ना?"

"नाही नेला. माझी दुलई तू नेलीस ना?"

"दुलई? तो तर बोळा आहे. वाळत पडला होता. नळीत उंदीर शिरू नये म्हणून कोंबलाय."

"तो बोळा नाही. दुलई आहे. माझ्या पिल्लाची."

नाथानं नळीकडे बघितलं. मग म्हणाला, "कशावरून? बोळा काढला की तू आत शिरशील. माझा नाही भरवसा! सगळीकडे शोधलं मी. फक्त कोंबडीखाली बघायचं राहिलंय."

"मग बघ ना!"

"ती चोच मारते," नाथा हळूच म्हणाला. "आधी कोंबडी छर्रा देईल, मग मी परात सोडीन."

टिंबीनं बिळाकडे बघितलं. ऊन भिंतीवर चढलं होतं. सावली गार झाली होती. कुडकुड, कुडकुड, आवाज इथपर्यंत येत होता.

"बरं," म्हणाली टिंबी. या वेळी थांबली नाही. मागे बघितलं नाही. तुरुतुरुतुरुतुरु!

डालग्यात कोंबडी. फुगून बसलेली. एवढी मोठी चोच! टिंबी दोन पावलं मागे सरकली. तरी म्हणाली,

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, छर्रा दे!
नाथा परात सोडीना,
आक्का बरणी उघडीना,
चिंच गंज काढीना,
पाना प्लग फिरवीना,
पेपर प्लग घाशीना,
प्लग ठिणगी देईना,
फटफटी फट् म्हणेना,
दुलई काही निघेना,
पिल्लू माझं कुडकुड कुडकुड!"

"क्कॉक!" म्हणाली कोंबडी. "कसला छर्रा? कशावरून छर्रा? हे अंडं आहे. माझं! बघ कसं चकचकतं. आत पिल्लू पण दिसतं. हा तुरा. ही चोच. अगदी माझ्यावर गेलंय!"

टिंबी जवळ गेली. वाकली. अंड्यात बघितलं.

"मला तर उंदीर दिसतो."

"काय?"

"उंदीर. मोठे कान. बारीक मिशा."

कोंबडीनं मान इकडे केली. मान तिकडे केली.

"माझ्या अंड्यात? उंदीर?"

"हो."

"मला पहिल्यापासून संशय होता!" कोंबडी ओरडली. "तरीच! इतकं बसले, तरी गारच! नेऊन टाक हे. आधी ने!"

आणि तिनं छर्ऱ्याला लाथ मारली.

टण्! टण्! टण्! टण्!

छर्रा पुढे. टिंबी मागे. छर्रा गेला थेट नाथाच्या पायापाशी.

नाथानं छर्रा उचलला. पुसला. टिंबीकडे बघितलं. "तू नव्हता नेलास?"

"नव्हता."

नाथाचे कान लाल झाले. "बरं," तो म्हणाला.

मग काय!

कोंबडीनं छर्रा दिला.
नाथानं परात सोडली. राखेनं घासली, धुतली, लखलखीत केली.
आक्कानं बरणी उघडली. खट्!
चिंचेनं गंज काढला. चोळ चोळ चोळ.
पान्यानं प्लग फिरवला. कर्र कर्र कर्र.
पेपरनं प्लग घासला. खरखर, खरखर.
प्लग पुन्हा जागेवर बसला. छर्रे बसले. हँडल वळलं.
नाथानं किक मारली.

खुर्र.

काही नाही.

फटफटीनं प्लगकडे बघितलं. प्लगनं पेपरकडे बघितलं. पेपरनं पान्याकडे बघितलं. "म्हटलं नव्हतं?" म्हणाली चिंच. "म्हटलं नव्हतं?" म्हणाली आक्का. "क्कॉक, म्हटलं नव्हतं?" म्हणाली कोंबडी.

टिंबी मात्र नळीपुढे बसून राहिली.

नाथानं पुन्हा किक मारली.

प्लगनं ठिणगी दिली. चट्ट!
फटफटी म्हणाली, फट्ट!

दुलई निघाली! सुंईईई! आकाशात गेली. गरगर फिरली. आणि पडली, थप्प! आक्काच्या डोक्यावर.

फट् फट् फट् फट्! फटफटी थांबेचना.

आक्कानं दुलई हातात घेतली. उलटली. पालटली. "अगं बया! ही तर खरंच दुलई. नाथ्या, लेकराचं पांघरूण कोंबलंस होय रे नळीत?"

नाथानं खाली बघितलं.

आक्कानं दुलई झटकली. फट्, फट्. खाली वाकली. टिंबीपुढे ठेवली. "घे गं बाई. तुझीच आहे."

दुलई नळीतून आली होती. गरम गरम झाली होती.

टिंबीनं कोपरा धरला. ओढत ओढत नेली. सर्र, सर्र, सर्र. बिळात शिरली. पिल्लाला गुंडाळलं. एक पाय आत. दुसरा पाय आत. शेपूट आत. नाक तेवढं बाहेर.

कुडकुड, कुडकुड.
कुडकुड.
कुड.

झोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथा छपराखाली आला. फटफटीमागे गुडघ्यावर बसला. नळीला डोळा लावला. आत अंधार. मग त्यानं तोंड जवळ नेलं आणि हळूच विचारलं,

"आत कुणी आहे का?"

कुणी बोललं नाही.

तरी तो थोडा थांबला. मग किक मारली.