पुंजा, मामा आणि साहेबांचे बूट

खडकवाडीत एक भोळा भाचा होता. मामाकडे राहणारे भाचे बहुतेक वेळा हुशार असतात. हा नव्हता. नाव पुंजा. मिशी आली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी भोळेपणा काही विरळ होईना. सांगितलेलं काम मात्र तो कधी टाळत नसे. खरी अडचण तीच होती.

त्याचे वामनमामा उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत हजेरी घेऊन घरी परतले होते. येताना दगडांचा नाद घेऊन आले. कुठं विहीर खणली, कुठं सुरुंग उडाला, की मामा पिशवी घेऊन हजर. हिरव्या, गुलाबी, काचेसारख्या गारगोट्यांनी ओसरीवरची कपाटं भरून गेली होती. गिरजामामीला त्यातल्या एकाही दगडाचं कौतुक नव्हतं. तिच्या गोठ्याची फरशी अर्धीच झाली होती आणि उरलेल्या अर्ध्या गोठ्यात भरावाला दगड कमी पडत होते.

एक दिवस मामा आनंदानं ओरडतच घरात आले. "अगं, जिल्ह्याच्या संग्रहालयाचे टेंबेसाहेब येणार आहेत दसऱ्यानंतर! त्यांना पसंत पडलं तर माझ्या संग्रहाला तिथं वेगळी खोली देणार!"

"आणि पसंत नाही पडलं तर?" मामीनं विचारलं.

मामा कपाटाकडे वळले.

"तर सगळे दगड माझ्या गोठ्यात," मामी म्हणाली. "ठरलं."

मामा जोरानं तयारीला लागले. त्यांनी पुंजाला हाक मारली. "राणबाच्या विहिरीत सुयांचा दगड निघालाय. पांढऱ्याशुभ्र सुया, केसासारख्या बारीक. जा, घेऊन ये."

पुंजा गेला. दगड घेतला, बटाट्याच्या पोत्यात टाकला, पोतं सायकलला बांधलं आणि नांगरलेल्या शेतातून जवळच्या वाटेनं घरी आला.

"मामा, दगड आणलाय. पण त्याचं पीठ झालंय."

मामांनी पोत्यात हात घातला. पांढरा झाला. "अरे गाढवा, अशी वस्तू कापसात गुंडाळायची! तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरून आणायची!"

"बरं मामा. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी मामांनी त्याला शेजारच्या गावी धाडलं. तिथं एका म्हाताऱ्या खाणकामगाराकडे खाणीत वापरायचा पितळी दिवा होता. "पेटतो का ते बघून घे," मामांनी बजावलं.

पुंजानं दिवा पेटवून बघितला. छान पेटला. मग त्यानं तो तसाच कापसात गुंडाळला आणि पोटाशी धरला.

गावात लोकांनी आधी धूर बघितला, मग पुंजा बघितला. तो थेट गुरांच्या हौदात शिरला. दिव्याची काच तडकली, पितळ काळं पडलं आणि सदऱ्याला पोटावर भाकरीएवढं भोक पडलं.

"मामा, पेटतो," पुंजा म्हणाला.

मामांनी कपाळाला हात लावला. "अरे, निदान जळल्यावर तरी नीट भिजवायचास! खाणीतली वस्तू मळकीच असते. घरी आणली की घंगाळात बुडवायची, रात्रभर भिजू द्यायची, सगळा मळ सुटतो."

"बरं मामा. पुढच्या वेळी तसंच करतो."

चार दिवसांनी मामांच्या जुन्या दोस्तानं मिठाच्या खाणीतला एक खडा पाठवला. काचेसारखा आरपार, चारी बाजू जणू सुतारानं तासलेल्या. मामा परगावी गेले होते. पुंजानं खडा उलटापालटा करून पाहिला, घंगाळ भरलं आणि त्यात सोडला.

सकाळी मामा आले. "खडा कुठाय रे?"

"भिजवलाय. सगळा मळ सुटला, मामा."

मामांनी घंगाळात डोकावलं. नुसतं पाणी. "अरे, पण खडा?"

पुंजानंही डोकावलं. पाण्यात हात फिरवला. "सगळा मळच होता वाटतं."

ते पाणी गाईनं पिऊन टाकलं आणि घंगाळ चाटत बसली. त्या दिवशी घरात खूश अशी ती एकटीच.

"पाणी लावायचंच नाही!" मामा ओरडले. "इथून पुढं घरात काहीही येऊ दे, कोरडं ठेवायचं. उन्हात उघडं करायचं, सगळ्या अंगाला ऊन लागलं पाहिजे!"

"बरं मामा. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी आलं पुस्तक. मामांच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी दिलेलं, दगडमातीच्या शास्त्राचं, त्यांच्या आजोबांच्या काळातलं. हातानं रंगवलेली चित्रं होती त्यात. पुंजानं ते गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात उघडं केलं. वरच्या दोन पानांना ऊन लागलं. बाकीच्या अंगाचं काय? म्हणून त्यानं शिवण उसवली आणि एकेक पान सुटं करून पत्र्यावर मांडलं.

मग वारा सुटला.

मामा उसात धावले. दोन पानं मिळाली. एक मुखपृष्ठ होतं, दुसरं कोरं.

"अरे, जी वस्तू हलू नये असं वाटतं," मामा धापा टाकत म्हणाले, "ती आधी जागेवर पक्की करावी! मामीच्या गोठ्याची फरशी बघ. गवंड्यानं तासाभरात धरणारं सिमेंट ओतलं. हलते का तसूभर?"

पुंजानं जाऊन फरशी हलवून बघितली. हलली नाही. त्याला फार पटलं.

टेंबेसाहेब आले. उंच, वाकलेले, पायात जाडजूड खाणीतले बूट. ते कपाटांसमोर उभे राहिले आणि खिशातून भिंग काढलं.

"सुंदर! वामनराव, दगड फारच सुंदर आहेत. खाणीतला दिवा आहे म्हणाला होतात?"

"होता," मामा म्हणाले.

"मिठाचा खडा?"

"होता."

"आणि ते जुनं पुस्तक?"

"तेही होतं."

साहेबांनी भिंग खाली घेतलं. "तुमच्याकडे असलेल्यापेक्षा नसलेलंच जास्त दिसतंय. खोली द्यायची तर खाणीतली एक तरी वस्तू धड हवी. नाहीतर मला वरती काय सांगता येणार?"

दारात मामी उभी होती. तिनं गोठ्याकडे एकदा बघितलं. तेवढ्यात मामांना आठवलं, राणबाकडे त्याच्या आज्याचा खाणीतला टिकाव होता!

"साहेब, आलोच! पुंजा, मी येईपर्यंत साहेबांना जागचं हलू देऊ नकोस!"

"बरं मामा."

साहेबांनी एक हिरवा स्फटिक उचलला आणि भिंगाला डोळा लावला. आता ते या जगात नव्हते. पुंजानं विटा आणल्या, साहेबांच्या पायांभोवती मांडल्या आणि गोठ्यात उरलेलं सिमेंट कालवून घमेलं भरून आणलं.

"काय चाललंय रे?" साहेबांनी वर न बघता विचारलं.

"मामांनी सांगितलेलं काम."

"बरं, बरं."

राणबानं मामांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. टिकाव खांद्यावर टाकून मामा परत आले, तर साहेब अनवाणी बाजेवर उभे होते. ओसरीच्या मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यात दोन बूट उभे होते, नाड्या सुटलेल्या.

"मामा, साहेब निसटले," पुंजा म्हणाला. "पण बूट हलू दिले नाहीत."

मामांच्या हातून टिकाव पडला. दांडा मोडला.

साहेब बुटांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग खांदे हलायला लागले. मग ते बाजेवर बसून पोट धरून हसले. "वामनराव, पंचवीस वर्षं हे बूट घालून खाणीत उतरलो. कधी अडकलो नाही. खाणीतली वस्तू हवी होती ना? झाली! हे बूटच ठेवा संग्रहात. मोकळे करून दगडांबरोबर पाठवून द्या. खोली तुमची!"

मामांनी साहेबांना आपल्या चपला दिल्या. मामी रुसूनच का होईना, पण साहेबांना गाडीच्या फाट्यापर्यंत पोहोचवायला निघाली. उंबऱ्यातून मामा वळले.

"पुंजा, तेवढ्यात बूट मोकळे कर. आणि हे बघ, लोखंड लावायचं नाही! चामड्याला ओरखडा उठला तर खबरदार!"

"बरं मामा."

गाडी गेली. मामा-मामी परत आले. पुंजा ओसरीवर घामाघूम होऊन बसला होता. मांडीवर दोन बूट. कापसात गुंडाळलेले, पोटाशी धरलेले. एकही ओरखडा नाही. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच पुंजानं सगळं बरोबर केलं होतं.

मग त्यांनी वर बघितलं. कपाटं रिकामी होती. फुटलेल्या चौथऱ्याभोवती हिरवा, गुलाबी, पांढरा चुरा गुडघाभर पडला होता.

मामी घमेलं आणायला गेली.

"पुंजा," मामांच्या तोंडून कसंबसं आलं, "माझे दगड?"

"लोखंड लावायचं नाही म्हणालात, म्हणून एकेक दगड घेऊन हाणला. सगळेच्या सगळे कच्चे निघाले, मामा." पुंजानं बूट आणखी घट्ट धरले. "बरं झालं, आधी कळलं. जिल्ह्याला पाठवले असते तर तुमची केवढी शोभा झाली असती!"