ठकूची चुंबळ

डोक्यावर मिठाची भरली पाटी घेऊन कधी घाट चढला आहात का? नसाल, तर एक सांगते. ती पाटी एकटीनं उतरवता येत नाही आणि एकटीनं पुन्हा डोक्यावर घेताही येत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो.

मोटारी यायच्या कितीतरी आधी, घाटमाथ्यावर असा हात लावायला ठकू नावाची एक धनगरीण बसायची. खालच्या मिठागरांतल्या बायका बाजाराच्या दिवशी मीठ घेऊन वर यायच्या आणि बदल्यात नाचणी न्यायच्या. ठकू त्यांच्या पाट्या उतरवायची, पाणी द्यायची, पुन्हा चढवून द्यायची. असं म्हणतात, तिचा हात लागला की ओझं निम्मं व्हायचं.

पुढे संस्थानानं माथ्यावर जकातीचा नाका बसवला. नियम केला, की जो माल इथं भुईला टेकेल, त्याची जकात. ऐकायला नियम सगळ्यांना सारखाच. पण बंदरावरच्या मोठ्या कोठीचं मीठ गाड्यांतून यायचं. बैल पाणी पीत, गाडीवान पाय मोकळे करत, मीठ मात्र गाडीतच. टेकायच्या त्या बायकांच्या पाट्या. हा नियम कोठीवाल्यांनीच दरबारात सुचवला होता, असं म्हणतात.

पहिल्याच बाजारी ठकूनं यशीची पाटी उतरवली. यशी बाळंतपणातून नुकती उठलेली, पोर पाठीला बांधलेलं. पाटी टेकली तसा नाकेदार मापटं घेऊन आला आणि मीठ काढून घेऊ लागला.

"आणि त्या गाड्यांचं काय?" यशीनं विचारलं.

"कोठी फुगली की राज्य फुगेल, बाई. राज्य फुगलं की तुम्हीसुद्धा."

"आमचे पाय तेवढे फुगतात, नाकेदार," मागून म्हातारी राही म्हणाली. बायका हसल्या. यशी हसली नाही. उरलेल्या मिठात घरच्यापुरती नाचणी येणार नव्हती. जाताना ती हळूच म्हणाली, "ठकूबाय, आज तुझा हात नसता लागला तर बरं झालं असतं."

ते ठकूच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर तिला भाकर गोड लागली नाही. ज्या हातांनी ओझं हलकं करायचं, त्याच हातांनी ती बायकांचं मीठ नाकेदाराच्या मापट्यात घालत होती.

पुढच्या बाजारी ठकू डोक्यावर ओझ्याखालची कापडाची चुंबळ ठेवून उभी राहिली. यशीची पाटी तिनं घेतली, पण खाली ठेवली नाही. आपल्याच डोक्यावर घेतली.

"बस गं. पोराला पाज."

मग राहीची पाटी त्या पाटीवर चढली, मग तिसरीची, मग सगळ्यांची. असं म्हणतात, वरची पाटी ढगाला लागली आणि त्या साली वरच्या गावांत पाऊस खारट पडला.

नाकेदार मापटं घेऊन समोरच बसला. "टेकवशीलच कधीतरी."

"बघा वाट. तोवर त्या मापट्यातनं पाणी आणा, बायका तहानल्यात."

असे किती बाजार गेले, कुणाला ठाऊक नाही. नाकेदार बदलले, नियम तोच राहिला. ठकूचे केस पांढरे झाले, पण मान वाकली नाही. दिवाळीच्या तोंडावरचा बाजार दोन दिवस भरायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी नाचणी घेऊन परतताना यशीला ती तशीच उभी दिसली.

"आता बस की, ठकूबाय. थकलीस."

"मी बसले, तर उद्या तुमचं टेकेल ना गं."

आज तो नाका नाही, ते संस्थानही नाही. पण माथ्यावर माणसाच्या उंचीचा एक धोंडा आहे. दर दिवाळीला मिठागरातली एखादी लेक त्यावर नवी चुंबळ ठेवते. तिथं कुणी ओझं भुईला टेकवत नाही, शाळेची मुलं दप्तरसुद्धा धोंड्यावरच ठेवतात. आणि समोरून कुणी ओझं घेऊन आलं, तर न विचारता हात लावायचा, ही त्या घाटाची रीत आहे. तिला ठकूचा हात म्हणतात.

तो धोंडा आधी तिथं नव्हता. त्या दिवाळीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायका वर आल्या, तेव्हा ठकू दिसली नाही. तिच्या जागी धोंडा होता आणि त्यावर तिची चुंबळ. यशीनं आपली पाटी त्या चुंबळीवर ठेवली. नाकेदारानं खाली वाकून पाहिलं. पाटी भुईला टेकली नव्हती. तो मापटं घेऊन चौकीत परत गेला आणि यशीची पाटी भरलेलीच बाजारात पोचली.